घेतलेलं आडनाव

इतिहासकार जॉन फिस्क यांचं जन्मनाव एडमंड फिस्क ग्रीन. जन्म १८४२ चा, अमेरिकेतल्या हार्टफर्डचा. वडील वृत्तपत्रांचे संपादक. त्याच व्यवसायात पनामापर्यंत गेले आणि १८५२ मध्ये तिथेच वारले. मुलगा वाढला मिडलटाउनला, आजोळी. १८५५ मध्ये आईने न्यूयॉर्कच्या एका वकिलाशी पुनर्विवाह केला, तेव्हा मुलाचं नाव बदललं. पण त्याने सावत्र वडिलांचं आडनाव लावलं नाही. आईकडच्या पणजोबांचं, जॉन फिस्क हे अख्खं नावच घेतलं.

मला ही गोष्ट त्यांच्या ग्रंथांइतकीच महत्त्वाची वाटते. पूर्वज अनेक असतात. त्यांतल्या कुणाचं नाव पुढे चालवायचं, हे जिवंत माणसं ठरवतात. फिस्क यांनी हे स्वतःच्या घरात अनुभवलं होतं.

हार्वर्डमध्ये शिकताना चर्चमध्ये फ्रेंच तत्त्वज्ञ काँतचं पुस्तक वाचल्याबद्दल त्यांच्यावर बडतर्फीची वेळ आली होती. पुढे ते उत्क्रांतिवादाचे अमेरिकेतले आघाडीचे भाष्यकार झाले. हार्वर्डने त्यांना ग्रंथालयात नोकरी दिली, कायमचं प्राध्यापकपद कधीच दिलं नाही. घरात सहा मुलं. मग व्याख्यानांवरच संसार चालला: बोस्टन, सेंट लुइस, लंडन. 'अमेरिकन इतिहासातला निर्णायक काळ' या १८८८ च्या ग्रंथात त्या व्यासपीठाची लय आहे. १७८३ ते १७८९ मध्ये देश कोसळण्याच्या बेतात होता आणि राज्यघटनेने तो तारला, अशी त्याची मांडणी. हे चित्र अतिरंजित असल्याचं नंतरच्या अभ्यासकांनी दाखवलं. समोर श्रोते असले की संकट गडद रंगवण्याचा मोह होतो, आणि फिस्क यांना तो आवरला नाही असं मला वाटतं.

त्याहून खटकतो तो त्यांचा वंशाभिमान. न्यू इंग्लंडमधल्या गावसभांचं मूळ त्यांनी थेट प्राचीन जर्मन टोळ्यांच्या सभांमध्ये शोधलं. म्हणजे स्वराज्याची पात्रता एका विशिष्ट कुळाकडेच आली. १८९४ मध्ये बोस्टनमध्ये स्थलांतरितांना अटकाव करू पाहणारा संघ निघाला, त्याचं अध्यक्षपद फिस्क यांनी स्वीकारलं. दक्षिण आणि पूर्व युरोपातून येणाऱ्यांना साक्षरतेच्या परीक्षेने रोखावं, ही संघाची मागणी. आजोळचं नाव आपलंसं करून मोठा झालेला माणूस, बोटीतून उतरणाऱ्या मुलांना हा देश आपला म्हणण्याची मोकळीक देऊ शकला नाही, याचं मला फार वाईट वाटतं. फिस्क १९०१ मध्ये वारले. परीक्षेचा कायदा १९१७ मध्ये झाला.