आठ सेंटिमीटरची जीवा

दहावीच्या चाचणीत मी तीन गुणांचा एक प्रश्न घातला होता. एकाच केंद्राची दोन वर्तुळं. मोठ्या वर्तुळाची 8 सेंटिमीटरची जीवा लहान वर्तुळाला स्पर्श करते. मधल्या कड्याचं क्षेत्रफळ काढा. त्रिज्या एकाही वर्तुळाची दिलेली नव्हती. माझ्या डोक्यातली रीत ठरलेली: केंद्रातून जीवेवर लंब टाका, तो जीवेला दुभागतो, पायथागोरस लावा. मोठ्या त्रिज्येच्या वर्गातून लहान त्रिज्येचा वर्ग वजा केला की 16 उरतात. उत्तर 16 पाय.

एका मुलाने यातलं काहीच केलं नव्हतं. त्याने लिहिलं होतं, 'आतलं वर्तुळ लहान करत करत टिंबाएवढं केलं तर जीवा म्हणजेच व्यास होईल. मग त्रिज्या 4, क्षेत्रफळ 16 पाय.' मी लाल पेनाने आडवी रेघ मारली, शून्य दिलं आणि पेपर वाटताना सगळ्यांसमोर विचारलं, "कुणाचं बघितलंस?"

"कुणाचं नाही, बाई."

त्याने पेपरच्या चार घड्या घालून तो कंपासपेटीत कोंबला. झाकण लागेना, तरी तो दाबत राहिला.

रात्री राहवेना म्हणून पाठकोरा कागद घेऊन बसले. त्रिज्या 5 आणि 3 घेतल्या: 25 वजा 9, 16. मग 8.5 आणि 7.5 घेतल्या: 72.25 वजा 56.25, पुन्हा 16. हे दुसरं कडं जेमतेम 1 सेंटिमीटर रुंद. काढून पाहिलं तर बांगडीसारखं बारीक दिसत होतं, आणि शेजारची 4 त्रिज्येची भरीव चकती त्याच्या दुप्पट वाटत होती. क्षेत्रफळ दोन्हींचं सारखंच. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तला, 1150 सालचा नियम मी दर वर्षी वर्गात सांगते: परिघाला व्यासाच्या चौथ्या भागाने गुणा. तोही चकतीला लावला. 8 पाय गुणिले 2, 16 पाय.

मुलाच्या मांडणीत एक उणीव होती. आतलं वर्तुळ कितीही बदललं, तरी जीवा तेवढीच असेल तर क्षेत्रफळ बदलत नाही, हे त्याने गृहीत धरलं होतं, सिद्ध केलं नव्हतं. त्याबद्दल एक गुण कापणं योग्य होतं. पण जे त्याला दिसलं ते इतक्या वर्षांत मला एकदाही दिसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहिला तास त्याच वर्गावर होता. मी हजेरी घेतली आणि पुढचं प्रकरण सुरू केलं. अभ्यासक्रम मागे पडलाय, अशी मनाची समजूत घातली. ती खोटी होती. मुलांसमोर 'माझं चुकलं' म्हणायची मला लाज वाटली. त्याहून वाईट गोष्ट आज लिहिते. तेच उत्तर पहिल्या नंबराच्या मुलीने लिहिलं असतं, तर मी ते फळ्यावर मांडून कौतुक केलं असतं. तो मागच्या बाकावरचा, आधीच्या दोन चाचण्यांत नापास झालेला. मी उत्तर वाचण्याआधी नाव वाचलं होतं.

वर्ष संपलं, तो शाळेतून गेला. माझ्या गुणवहीत त्या चाचणीचे त्याचे गुण अजून तसेच आहेत, 20 पैकी 9. तिथे 11 हवे होते.