भाव आणि गरज



फेरारी कंपनीने आपली ४००वी 'एन्झो' मोटार पोप जॉन पॉल दुसरे यांना अर्पण केली होती. ती विकून येणारा पैसा २००४ च्या त्सुनामीग्रस्तांसाठी होता. एप्रिल २००५ मध्ये पोपमहोदय प्रभूघरी गेले. जूनमध्ये लिलावात गाडीला ९.५ लाख युरो मिळाले. पुढे २०१५ साली तीच गाडी ६० लाख डॉलरांहून अधिक किमतीला विकली गेली. तोवर ती २०० किलोमीटरही धावली नव्हती!

मग पहिली विक्री तोट्याची म्हणायची का? बाजाराच्या हिशेबाने, होय. पण घरदार वाहून गेलेली माणसे भाव चढण्याची वाट पाहत १० वर्षे उघड्यावर राहू शकत नव्हती. संत थॉमस अक्वायनस शिकवतात की, मालमत्ता बाळगण्याचा माणसाला हक्क आहे. मात्र गरजवंताला सहज देता येईल अशा वृत्तीनेच ती वापरावी. वस्तू जपून ठेवली तर कधी कधी तिचे मोल वाढते. मदत राखून ठेवली तर तिचे मोल घटते.

"आणखी थोडे साठू दे, मग देईन," असे आपण म्हणतो. साठेलही; पण ज्याला द्यायचे, तो तोवर तग धरील का?