खळ्यावरचा दहावा हिस्सा

रिसोड तालुक्यातल्या केनवडसारख्या गावात शेजाऱ्याचा इस्लाम आधी कानांवर येतो: पाच वेळची अजान, रमजानात सहेरीसाठीची हाक. अल्लाह एकच आणि मुहंमद त्याचे प्रेषित ही साक्ष, नमाज, रोजा, जकात, हज ही पाच नावंही बऱ्याच जणांना ठाऊक असतात. शेतमालावरची जकात, म्हणजे उशर, मात्र खळ्यावरून गुपचूप निघून जाते. तिच्यावरचा हा संवाद कल्पित आहे. काळ २०२५ च्या खरिपानंतरचा, बोलणारे एक शेतकरी चाचा आणि शाळेतली मराठी न सोडलेले निवृत्त गुरुजी.

चाचा : बारा क्विंटल सोयाबीन निंगालं, गुरुजी. दहावा हिस्सा, एक क्विंटल वीस किलो, बाजूले काढून ठेवला. अन् सोसायटीचा हप्ता नेमका तेवढ्यानंच तुटून राह्यला.

गुरुजी : मग तो हिस्सा विका आणि हप्ता भरा. बियाणं, खत, तणनाशक, सोंगणी, मळणी, सगळं वजा करा. उरेल त्याचा दहावा द्या.

चाचा : पैशाच्या जकातीत कर्ज वजा होते. साडेसात तोळे सोनं, नाईतर साडेबावन तोळे चांदी, एवढी ऐपत वर्षभर असन तर अडीच टक्के. पिकाचं तसं नाई. आमच्या हनफी मौलानाचं म्हणणं, खर्च वजा नाई, कर्जबी नाई.

गुरुजी : हा तर शेतसारा झाला!

चाचा : साऱ्याले पावसाचं काय पडलं होतं? इथं पीक गेलं तर उशर गेला. अर्धं गेलं तर राह्यलं त्याचाच. पावसावर आलं तर दहावा, विहिरीचं पाणी ओढून आणलं तर विसावा.

गुरुजी : म्हणजे घामाची दखल आहे. मग कर्जाची का नाही? नियम झाला तेव्हा पाणी ओढणं हाच शेतीचा मोठा खर्च असेल. आज विहिरीपेक्षा बियाण्याची पिशवी भारी पडते. हमीभाव ५३२८, पण ओल बारा टक्क्यांवर गेली की खरेदी केंद्र माल परत पाठवतं आणि व्यापारी म्हणेल तो भाव.

चाचा : काही आलिम खर्च वजा करू देतेत. हिंदुस्थानातल्या जमिनीवर उशर लागतेच का, याच्यावरबी वाद हाय. मले सोईचं मत निवडता येते. भेव थ्याचंच वाटते.

गुरुजी : अवघड मत निवडलं तरी निवड तुमचीच. आणि बघा, आजाऱ्याला, प्रवाशाला रोज्याची सूट. उभं राहवत नसेल तर नमाज बसून. ऐपत नसेल तर हज नाही. सगळीकडे माणूस पाहून मोजलंय. कर्जबाजारी शेतकऱ्यापाशीच माप कडक का?

चाचा : थ्या सुटी माह्या अंगाच्या, गुरुजी. उशर माह्या अंगावर नाई, धान्यावर हाय. कुराणात हक सोंगणीच्या दिवशीच देऊन टाका असं हाय, सूरह अनआममधी. घरात पोतं आलं की थे माह्यं वाटाले लागते.

(हे उत्तर मला पटतं, पण पुरतं नाही. सोसायटीचा हप्ताही दुसऱ्याचाच हक्क आहे, आणि मयताच्या नमाजाआधी पैगंबर त्या माणसावर कर्ज आहे का विचारत, ही हदीस चाचांना गुरुजींपेक्षा जास्त ठाऊक असणार.)

गुरुजी : आमच्या आजोबांच्या खळ्यावरून सुतार-लोहार बलुतं न्यायचे. तसंच ना हे?

चाचा : नाई. थ्यायनं फाळ करून देल्ला, वखर करून देल्लं. ज्याले उशर जाते थ्यानं माह्यं काहीच केलं नाई. म्हून तर थ्याच्यावर मेहेरबानी केली असं म्हनता येत नाई.

गुरुजी : आणि तुमचं सोयाबीन सोंगणारी आमच्या वाड्यातली बाई?

चाचा : मजुरी तिची, थे आधी. वरून खुशीचा सदका कोनालेबी देता येते. उशर मात्र बहुतेक आलिम मुसलमान गरिबालेच सांगतेत.

गुरुजी : हे मला खटकतं.

चाचा : मलेबी खटकते कधी कधी. थे लपवत नाई.

गुरुजी : बरं, घेणारे कोण कोण?

चाचा : सूरह तौबेत आठ जातीचे लोक हायेत. फकीर, मिस्कीन, वाटसरू... अन् कर्जदार.

गुरुजी : कर्जदार! म्हणजे तुम्हीच की.

चाचा : हौ. उद्या कोनी जकात देल्ली तर घेता येते मले. अन् घेता येते म्हून उशर माफ होत नाई.

गुरुजी : मग द्या तो क्विंटल स्वतःलाच. देणाराही तुम्ही, घेणाराही तुम्ही, हप्ताही भरला!

चाचा : थेच बंद करून ठेवलं हाय. आपल्याले नाई, बायकोले नाई, मायबापाले नाई, लेकराले नाई. नाईतर सारं गाव सोताच्याच घरात गरीब पाह्यलं असतं.

गुरुजी : मग काय करणार?

चाचा : उशर देतो. हप्त्यासाठी सोसायटीत जाऊन हात जोडतो, मुदत मागतो. पोत्यातल्या हिश्शावाल्याले माहीतच नाई, थ्याच्यापाशी मुदत मागू कशी?

गुरुजी : आणि तूर? तिला तर तुम्ही विहिरीचं पाणी दिलं होतं.

चाचा : दोन पाणी देल्लं. पाऊस जास्त झाला असं धरलं तर दहावा, माह्यं पाणी जास्त झालं असं धरलं तर विसावा.

गुरुजी : कोणी ठरवायचं?

चाचा : मीच. दुसरा कोन पाह्याले होता वावरात?