उमेदवारी

कारखान्यात हुन्नर शिकावयास राहिलेल्या मुलाला ‘उमेदवार’ म्हणण्याची आपल्याकडील रूढी जुनी आहे. ‘उमेद’ या फारसी शब्दापासून आलेल्या या संज्ञेत शिकणे आणि आशा धरणे या दोन्ही क्रिया एकवटल्या आहेत. आणि नववीत शाळा सुटलेल्या, घरच्या कोरडवाहू शेतात ज्याच्या हातांना पुरेसे काम नाही व शहरात ज्याला कोणी ओळखत नाही, अशा मुलासाठी प्रशिक्षणाची आखणी करावयाची असेल, तर त्याला काय शिकवावे यापेक्षा त्याची उमेद कशाने परतेल, हा प्रश्न मला अगोदरचा वाटतो. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेने अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमांची व परीक्षेअंती दाखल्याची तजवीज केली. दाखल्याचे मोल मी नाकारीत नाही. परंतु परीक्षेनेच ज्याला एकदा नालायक ठरविले, त्याच्यापुढे आणखी एक परीक्षा ठेवल्याने त्याचा आत्मविश्वास जागा होईल, हे मला पटत नाही.

या संदर्भात पुणे जिल्ह्यातील पाबळ या अवर्षणप्रवण गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली स्थापिलेला विज्ञान आश्रम मला पुनःपुन्हा आठवतो. हिंदुस्थान लिव्हरमधील संशोधनाचे पद सोडून आलेल्या या शास्त्रज्ञाने शाळा सोडलेल्या मुलांसाठी जो वर्षभराचा अभ्यासक्रम रचला, त्यात अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य ही चारही अंगे प्रत्येकाने स्वतःच्या हाताने करावयाची होती. कारण नुसत्या वेल्डिंगवर खेड्यात वर्षाचे पोट भरत नाही, आणि जो फाटक जोडतो त्यालाच वीजजोडणी व कोंबड्यांची निगाही यावी लागते. त्याहून महत्त्वाचे असे की, शिकता शिकताच गावाची कामे मोबदला घेऊन करावयाची. फाटक खांबात बसले नाही, तर चूक मास्तरांनी दाखवावी लागत नाही. लोखंडाचे वजन, मजुरी, वीजखर्च यांचा हिशेब मांडताना ज्या त्रैराशिकाने शाळेत छळले तेच आता कामास येते. आणि काम पसंत पडून गावकऱ्याने पैसे मोजले, की ‘हा काही कामाचा नाही’ हा त्या मुलावरचा शिक्का पुसला जाऊ लागतो.

अर्थात शिकण्याच्या काळात घर चालावे कसे, हा प्रश्न उरतोच. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने विद्यावेतनाचे तत्त्व मान्य केले आहे. कांदा काढणीच्या दिवसांत रोजची मजुरी सोडून वर्गात बसणाऱ्या मुलालाही तेच तत्त्व लागू व्हावे, यात मला काहीच अवाजवी दिसत नाही.

परंतु शिक्षण व रोजगार या दोहोंबाहेर राहिलेल्यांत मुलींची संख्या मोठी आहे, आणि त्यांना ‘रिकाम्या’ म्हणणे हा घोर अन्याय आहे. पहाटे पाणी भरणारी, धाकट्या दीर-नणंदांना सांभाळणारी, दोन वेळचा स्वयंपाक उरकणारी एकोणीस वर्षांची सून कोणत्याही सरकारी तक्त्यात कामावर नसते, तरी तिच्यापाशी नसतो तो वेळच. म्हणून तिच्यासाठीच्या अभ्यासक्रमाचे पहिले पान विषयांचे नसावे, वेळापत्रकाचे असावे: वर्ग दुपारच्या दोन-तीन तासांत तिच्याच गावी भरावा, तान्ह्या मुलासाठी शेजारच्या खोलीत पाळणा असावा, आणि तालुक्याला जावेच लागले, तर गावाकडची शेवटची एस.टी. साडेपाचला सुटत असताना कार्यशाळा साडेचारला बंद झालीच पाहिजे, मग निरीक्षकांच्या तासांच्या नोंदी अपुऱ्या राहिल्या तरी चालेल.