जुन्या दिवाणाची किंमत

दुपारी घटकाभर आडवे होण्यासाठी घरात दिवाण घ्यावयाचा झाला, तर तो शंभर वर्षांचा पुराणा घ्यावा, मागच्या पिढीतला घ्यावा, की सुताराकडून नवा करवून घ्यावा, हा प्रश्न वरवर पाहता केवळ रुचीचा आहे. ज्याच्या पाठीला जे मानवेल ते त्याने घ्यावे, एवढ्यावर तो मिटावयास हरकत नव्हती. (आयुर्वेद दिवसा झोपण्याची मोकळीक ग्रीष्म ऋतूपुरतीच देतो, हा मुद्दा तूर्त सोडून देऊ.) परंतु आमच्या जोयडा तालुक्यात राहणाऱ्या माणसाला हे प्रकरण इतक्या स्वस्तात मिटविता येत नाही. येथे लाकूड कोठून येते हे डोळ्यांना दिसते, आणि जुनी घरे कशी रिकामी झाली हे पुष्कळांच्या अजून स्मरणात आहे.

प्रथम शब्दच पाहा. ‘दिवाण’ हा फारसीतून आलेला शब्द. त्याचा जुना अर्थ नोंदवही; पुढे जेथे नोंदी ठेवल्या जात ती कचेरी, मग तेथला अंमलदार, आणि ज्या गादीवर बसून कारभार चाले ती बैठकही. त्याच मुळापासून आम्हां वकिलांचे दिवाणी न्यायालय निघाले. लोडाला टेकून पडणारा माणूस आणि देण्याघेण्याचा हिशेब मागणारा माणूस हे दोघे एकाच शब्दाच्या आश्रयाला आहेत, हे मला सूचक वाटते.

जुनी वस्तू घेणारा बहुधा असे म्हणतो, की माझ्यासाठी एकही झाड पडले नाही. ते केव्हाच पडले होते. ह्या म्हणण्यात तथ्य आहे, परंतु पूर्ण सत्य नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सरकारने कानडा जिल्ह्याची राने राखीव केली, येथल्या कुणब्यांच्या कुमरी शेतीवर निर्बंध घातले, आणि त्याच रानांतला साग व शिसव बाहेरच्या बाजारांकडे जाऊ लागला. ज्याने शिसवी दिवाणावर पाठ टेकली त्याला ह्याची खबर नसेल. पण ज्याची कुमरी गेली तो सारवलेल्या जमिनीवर चटई अंथरून झोपत होता. लाकूड जुने झाले म्हणजे निष्पाप होतेच असे नाही. उलट आज वनखात्याच्या डेपोतून लिलावात घेतलेल्या ओंडक्यावर शिक्का असतो, त्याला वाहतुकीचा परवाना असतो. कागदोपत्री पाहिले तर नवा दिवाण जुन्याहून अधिक कुलीन ठरावा! अर्थात कागद चोख असला म्हणजे तोड योग्य ठरते असेही नाही. १९८३ साली शिरसी तालुक्यातील सालकणीच्या लोकांनी झाडांना मिठ्या मारून जी तोड थांबविली, तीही सरकारमान्यच होती.

तथापि मला छळणारा प्रश्न झाडाचा नाही, माणसाचा आहे. हा तालुका पूर्वी सुपा ह्या नावाने ओळखला जाई. ज्या सुपा गावावरून ते नाव पडले ते काळी नदीवर बांधलेल्या धरणाच्या जलाशयात गेले. धरण १०१ मीटर उंचीचे. काम पुरे झाले १९८७ साली. उठलेल्या लोकांपैकी पुष्कळांची वस्ती रामनगरास झाली. आता अशी कल्पना करा, की त्यांच्यापैकी एका घराच्या ओसरीवर आठ फूट लांबीचा, वेताने विणलेला दिवाण होता. नव्या जागेत दोन खोल्या. दिवाण दारातून आत जात नाही, पावसाळा तर तोंडावर आलेला. अशा वेळी गिऱ्हाईक सांगेल ती किंमत. आणि गिऱ्हाईक आहोत तुम्ही किंवा मी.

कायद्याने हा व्यवहार निर्दोष आहे. १८७२ च्या करार कायद्याच्या २५ व्या कलमाचे स्पष्टीकरण असे सांगते, की मोबदला अपुरा एवढ्याच कारणाने करार रद्द होत नाही. मात्र संमती खरोखर मोकळेपणाने दिली होती काय, हे ठरविताना न्यायालय त्या अपुरेपणाचा विचार करू शकते. येथे विक्रेत्यावर गिऱ्हाइकाने दडपण आणलेले नाही. दडपण पाण्याचे आहे. परंतु दुसऱ्याने आणलेल्या दडपणाचा लाभ मी घ्यावा काय?

कोणी म्हणेल, तुमच्यासारख्या भाविकांनी हात आखडता घेतला तर त्या कुटुंबाला तेवढेही मिळणार नाही; दिवाण सरपणात जाईल. हा आक्षेप बिनतोड आहे. म्हणूनच न घेणे हा सोज्ज्वळपणाचा मार्ग मला मान्य नाही. त्यात आपले हात स्वच्छ राहतात एवढेच. प्रश्न घ्यावे की न घ्यावे हा नसून काय भावाने घ्यावे हा आहे. आणि ह्याचे उत्तर भूसंपादनाच्या कायद्यानेच सुचविले आहे. १८९४ च्या कायद्यात, मालकाची इच्छा नसता जमीन घेतली जाते म्हणून, बाजारभावावर शेकडा १५ इतकी दिलासा रक्कम होती. १९८४ च्या दुरुस्तीने ती ३० झाली, आणि २०१३ च्या कायद्याने शेकडा १००. म्हणजे सक्तीच्या विक्रीत बाजारभाव हा न्याय्य भाव नव्हे, हे सरकारने तीन वेळा कबूल केले. ते कबूल करताना जमीन घेणारे सरकार होते. दिवाण घेणारा मी असेन, तर मला निराळे माप का? ओसरी शाबूत असती तर ज्या किमतीला त्या कुटुंबाने दिवाण सोडला असता, ती किंमत माझ्यावर देणे लागते.

हाच दिवाण पुढे पणजीच्या किंवा बेळगावच्या दुकानात तिसऱ्या गिऱ्हाइकासमोर येतो, तेव्हा गुंतागुंत वाढते. मूळ कुटुंब कोठे हे त्याला ठाऊक नाही. त्याच्याकडून पैशाची अपेक्षा करणे मला अवाजवी वाटते. परंतु त्याने निदान खोटे बोलू नये. आलेल्या पाहुण्याला ‘हा आमच्या पणजोबांचा’ असे सांगण्यासाठी जो दिवाण घेतो, तो लाकडाबरोबर दुसऱ्याचा पणजोबाही उचलून नेतो, आणि त्याची किंमत मात्र दुकानदाराने लावलेली नसते. १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा शंभर वर्षांची मर्यादा घालतो. ती वस्तूच्या वयाची आहे, घराण्याच्या नव्हे. नव्या लाकडाला मुद्दाम खरवडून, काळे रोगण देऊन जुने भासविण्याची जी टूम निघाली आहे, तिच्याविषयी लिहिण्याइतकाही आदर मला वाटत नाही. त्यापेक्षा गावच्या सुताराने फणसाच्या फळ्यांचा केलेला साधा पिवळा दिवाण शतपटीने बरा. त्याचा कारागीर समोर आहे, त्याला मजुरी कमी पडली तर तो तोंडावर सांगतो.

तरीही जुना घ्यावयाचाच असेल, तर मागच्या पिढीतला, ज्याचे घर अजून विचारता येते असा, मी पसंत करीन. घेताना ते घर कोणत्या गावचे आणि ते का सुटले हे विचारून घ्यावे. विकणाऱ्याला नाव उघड करावयाचे नसेल तर नुसते गाव पुरे. ते गाव आणि साल गादीखालच्या फळीवर पेन्सिलीने लिहून ठेवावे. चतुर्थीच्या आधी घर झाडताना गादी उचलली जातेच. तेव्हा एखादे मूल ते वाचील आणि सुपा कोठे आहे म्हणून विचारील.