क्षमा मागणारा पुढारी

एखादी गोष्ट खरी आहे असे मनापासून वाटत असून ती सिद्ध करता येत नसेल, तर उच्चारलेला शब्द परत घ्यावा काय? हा प्रश्न आम्हांस गोपाळ कृष्ण गोखले यांच्या चरित्रावरून सुचला. त्यांचा जन्म १८६६ साली रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे झाला. आमचे मालवणही १९८१ पर्यंत त्याच जिल्ह्यात होते, तेव्हा त्यांस आपल्याकडचे म्हणण्यास हरकत नाही.

१८९७ साली ते वेल्बी कमिशनापुढे साक्ष देण्यास विलायतेस गेले होते. इकडे पुण्यात प्लेगच्या तपासणीवर गोरे शिपाई नेमले होते. त्यांनी दोन स्त्रियांची अब्रू घेतली व एकीने जीव दिला, अशी पत्रे गोखल्यांस मित्रांकडून आली. ती हकीकत त्यांनी तेथील वर्तमानपत्रास कळविली. जूनमध्ये प्लेग अधिकारी रँड यांवर गोळी झाडली गेल्यामुळे सरकार आधीच संतापलेले होते. गोखले परत येऊन पाहतात, तो पुरावा काही हाती लागेना. मित्रांची नावे तर त्यांनी उघड केली नाहीत. उलट गव्हर्नरसाहेबांची व शिपायांचीही बिनशर्त क्षमा मागितली. अनेक देशबंधूंनी त्यांस भित्रा म्हटले.

भित्रा मनुष्य मित्रांची नावे सांगून सुटला असता. तरी आमच्या मनात एक शल्य उरतेच. पुरावा मिळाला नाही म्हणजे ते घडलेच नाही, असे होत नाही. लाजेने मुकी झालेली स्त्री साक्षीस कशी येणार? आरोप मागे घेणे हे गोखल्यांचे कर्तव्य होते. पण शिपायांची अशी सरसकट क्षमा मागणे कर्तव्याच्या पलीकडचे होते, असे आम्हांस वाटते.

पुढे १८९९ साली ते मुंबईच्या व १९०२ साली वरिष्ठ कायदेमंडळात गेले, आणि १९०५ साली काशीच्या काँग्रेसचे अध्यक्ष झाले. मिठावरील करासंबंधाने ते बोलत तेव्हा आकडे असे तपासलेले असत की सरकारास ते खोडणे जड जाई. ही सवय त्या क्षमेच्या दिवसांत पक्की झाली असावी.

आमच्या गावी एकदा रापणीच्या वाट्यांवरून एका म्हाताऱ्यावर चोरीचा आळ आला, आणि आम्ही तो चार लोकांत बोलून बसलो. आळ खरा ठरला नाही, खोटाही ठरला नाही. आम्ही गप्प राहिलो व त्या गप्प राहण्यास विवेक असे नाव दिले. म्हातारा पुढे रापण ओढण्यास किनाऱ्यावर येईनासा झाला.