बाजेचे चार कोपरे



मिस्सा संपल्यावर दाराशी कोणीतरी थांबते आणि म्हणते, ‘फादर, आमच्यासाठी प्रार्थना करा.’ आपणही एकमेकांना सहज सांगतो, ‘प्रार्थना करतो हं!’ हे शब्द नुसते निरोप घेण्याचे ठरू नयेत म्हणून आज थोडा विचार करू या.

पहिला प्रश्न नेहमीचाच आहे. देव सर्व जाणतो, तर मग शेजाऱ्याचे दुःख त्याला सांगायचे कशाला? 13व्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी याचे उत्तर दिले आहे. आपण देवाचे मन वळवण्यासाठी प्रार्थना करीत नाही. काही गोष्टी प्रार्थनेच्या वाटेनेच द्यायच्या, असे देवाने ठरवले आहे. त्या मिळाव्यात म्हणून आपण प्रार्थना करतो. शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. पाऊस देवाचा, अंकुरही देवाचा, पण सरकी मातीत टोबायची ती आपल्याच हाताने. देवाला द्यायचाच असेल तर पेरल्यावाचून कापूस देईल, असे म्हणून कोणी घरी बसत नाही.

दुसऱ्यासाठी प्रार्थना कशी करावी, हे संत मार्कच्या शुभवर्तमानातील चौघे शिकवतात. कफर्णहूम येथे पक्षाघात झालेल्या माणसाला त्यांनी बाजेवर घालून आणले. दारात गर्दी होती म्हणून छप्पर उकलून त्यांनी त्याला येशूपुढे खाली सोडले. येशूने त्या आणणाऱ्यांचा विश्वास पाहिला, असे शुभवर्तमानकार सांगतो. त्या चौघांनी भाषण केले नाही. त्यांनी ओझे उचलले, एवढेच. तेव्हा ज्याच्यासाठी प्रार्थना करायची त्याचे नाव घ्या, त्याची अडचण नीट समजून घ्या आणि बाजेचा एक कोपरा स्वतः धरा.

2017 साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. अनेकांनी रुग्णालयात दिवस काढले. आजही फवारणीचे दिवस आले की मजुरांसाठी प्रार्थना करावी, आणि ती करणाऱ्याने आपल्या मजुराला तोंडाला बांधायला मास्क व हातमोजे द्यावेत, वाऱ्याच्या विरुद्ध फवारू देऊ नये, त्याला मळमळ होऊ लागली तर ताबडतोब दवाखान्यात न्यावे. पाठीवर पंप दुसऱ्याच्या आणि ओठांवर प्रार्थना आपल्या, एवढ्याने भागत नाही.

एक सावधगिरी. ‘अमक्याच्या दारूसाठी प्रार्थना करा, तमक्याच्या सुनेसाठी प्रार्थना करा,’ असे म्हणत आपण कधी कधी दुसऱ्याची अब्रू गावभर करतो. जे देवाला सांगायचे ते देवालाच सांगावे. प्रार्थनेच्या नावाखाली केलेली चहाडी ही चहाडीच होय.

मग मागितलेले मिळाले नाही तर? संत मोनिका हिचा मुलगा ऑगस्टीन भरकटला होता. तो समुद्र ओलांडून रोमला जाऊ नये म्हणून ती रात्रभर रडून प्रार्थना करीत होती. त्याच रात्री तो तिला फसवून जहाजाने निघून गेला. मोनिकेला वाटले असेल, देवाने ऐकलेच नाही. पण त्याच वाटेने तो पुढे मिलानला पोचला, तेथे त्याला संत अंब्रोज भेटले आणि 387 सालच्या पुनरुत्थान सणाच्या वेळी त्याचा बाप्तिस्मा झाला. देवाने तिच्या ओठांवरची विनंती नाकारली आणि अंतःकरणातली मान्य केली.

तरीही प्रत्येक वेळी असा उलगडा होतोच असे नाही. संत पौलाच्या हातून कित्येक आजारी बरे झाले, पण आपला सोबती त्रफिम याला त्याला मिलेतात आजारीच सोडून यावे लागले. म्हणून ज्या घरात प्रार्थना करूनही माणूस गेला, त्या घराला ‘तुमचा विश्वास कमी पडला’ असे कोणी कधीही म्हणू नये. तेथे जाऊन शांतपणे बसावे. ती देखील मध्यस्थीच आहे.

शेवटचे आणि सर्वांत कठीण. प्रभूने शत्रूसाठी प्रार्थना करायला सांगितले आहे. धुऱ्याच्या वादावरून ज्या भावाशी बोलणे बंद आहे, त्याचे नाव देवापुढे घेऊन पाहा. त्याची जिरावी म्हणून नव्हे, तर त्याचे बरे व्हावे म्हणून. त्याच्यात बदल कधी होईल ते देव जाणे. आपल्यात मात्र तो त्याच दिवशी सुरू होतो.

या आठवड्यात प्रत्येक कुटुंबाने जपमाळेच्या वेळी दोन नावे घ्यावीत, एक आजाऱ्याचे आणि एक न बोलणाऱ्याचे. पुढच्या रविवारपर्यंत आजाऱ्याच्या घरी एक फेरी मारावी, आणि जमल्यास न बोलणाऱ्याच्या अंगणातही.

सर्वांसाठी वधस्तंभावरून प्रार्थना करणारा प्रभू येशू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो. आमेन.

आपला धर्मगुरू